झिणझिण्या, तिखट आणि चटका : मालाथांगच्या वाडग्यात काय काय असतं

चीनच्या सिचुआन प्रांतात गल्लीबोळांतल्या लाल पाट्यांवर तीन चिनी अक्षरं सतत भेटतात. पहिल्याचा उच्चार 'मा', दुसऱ्याचा 'ला' आणि तिसऱ्याचा 'थांग'. मा म्हणजे बधिर होणं. शस्त्रक्रियेआधी भूल देतात त्या चिनी शब्दातही हेच अक्षर आहे. ला म्हणजे तिखट. थांग म्हणजे चटका बसेल इतकं गरम, किंवा उकळत्या पाण्यातून काढणं. चिनीत सूपलाही 'थांग'च म्हणतात, पण त्याचा सूर उंच आणि सपाट असतो, या थांगचा सूर वरून खाली आपटतो. म्हणून 'माला नावाचं सूप' असा जो अर्थ परदेशी पाहुणे लावतात तो बरोबर नाही. या नावात कुठली भाजी नाही, मांस नाही, शेवया नाहीत. खाणाऱ्याच्या तोंडाचं काय होणार आहे, एवढंच त्यात सांगितलेलं आहे.

गेली अठरा-वीस वर्षं मी मसाल्यांच्या मागावर आहे. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी नाही आणि चिनी भाषा येत नाही. कुडाळला आमचं किराणा दुकान. धणे, मिरची, हळद तोलता तोलता 'हे आलं कुठून?' हा प्रश्न मागे लागला तो लागलाच. 2018 सालच्या नोव्हेंबरात मला बारा दिवस सिचुआनमध्ये राहायला मिळालं, कारण माझी भाची तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. तिला चिनी बोलता येत होतं आणि मला भूक लागत होती. दुपारची बहुतेक जेवणं आम्ही मालाथांगच्या दुकानांत जेवलो.

आधी दुकान कसं चालतं ते सांगते. आत शिरल्याबरोबर एका भिंतीला काचेची थंड कपाटं असतात. कप्प्याकप्प्यांत पालक, कोबी, कमळकाकडीच्या चकत्या, बटाट्याचे पातळ काप, मक्याच्या कणसाचे तुकडे, कानाच्या पाळीसारखी दिसणारी काळी अळंबी, दोऱ्यासारखी पांढरी अळंबी, टोफूचे चार-पाच प्रकार, सोयाबीनच्या दुधावरची साय वाळवून केलेल्या गुंडाळ्या, समुद्री शेवाळाच्या गाठी, लाव्याची उकडलेली अंडी, माशांचे गोळे, वजडी, बदकाच्या रक्ताच्या वड्या (आपल्याकडे रक्ती खाणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही) आणि रताळ्याच्या पिठाच्या रुंद पारदर्शक शेवया. हातात एक मोठा वाडगा आणि चिमटा घ्यायचा आणि हवं ते भरायचं. गल्ल्यावर वाडगा काट्यावर ठेवतात, वजनावर पैसे घेतात, तिखट किती हवं ते विचारतात आणि एक नंबर देतात. आत आचारी तुमचं सगळं सामान लांब दांड्याच्या जाळीच्या गाळण्यात घालून उकळत्या रश्श्यात बुडवतो. बटाटा आणि कमळकाकडी आधी जातात, पालक शेवटी. पाच-सहा मिनिटांत नंबर पुकारला जातो.

माझ्यासारख्या दुकानदारणीचं लक्ष काट्याकडे जाणारच. चीनच्या बाजारात आजही 'चिन' हे माप चालतं. एक चिन म्हणजे 500 ग्रॅम आणि त्याचा दहावा भाग म्हणजे 50 ग्रॅमचा 'ल्यांग'. वाडग्यातल्या सगळ्या वस्तूंना बहुधा एकच दर असतो. कोबी आणि कोळंबी एकाच भावाने! पहिल्या दिवशी मला हा ग्राहकाचा फायदा वाटावा असा व्यवहार दिसला. दुसऱ्या दिवशी मी कप्पे नीट पाहिले. शेवया भिजवलेल्या, काळी अळंबी भिजवून फुगवलेली, टोफू पाण्यात पोहणारं, पालक नुकताच धुतलेला. सुकी अळंबी भिजली की वजनाने कितीतरी पट होते, हे मला काट्यामागे उभं राहून माहीत आहे. म्हणजे पाणीही त्याच भावाने विकलं जातं. माझी भाची मात्र विद्यार्थ्यांच्या शहाणपणाने वाडगा भरत होती: सोयाच्या सायीच्या कोरड्या गुंडाळ्या, पांढरी अळंबी, पालक झटकून. "मावशी, मका घेऊ नकोस. कणसाच्या दांड्याचे पैसे देशील," असं तिने मला बजावलं.

काट्यावरचं मालाथांग हे खरं तर सिचुआनचं मूळ रूप नाही. मूळ रूप काड्यांचं. चेंगदूच्या दक्षिणेला लशान नावाचं शहर आहे, तिथे मिन, दादू आणि छिंगयी या नद्या मिळतात. तिथल्या बाजारगावांत प्रत्येक घास बांबूच्या बारीक काडीला टोचलेला असतो. आपण काड्या रश्श्यात बुडवायच्या, खायचं, रिकाम्या काड्या डब्यात उभ्या करायच्या. शेवटी मालकीणबाई काड्या मोजून हिशेब करते. या प्रकाराला चेंगदूत 'छ्वानछ्वान' म्हणतात, आणि ते अक्षर लिहितात कसं तर दोन चौकोन आणि त्यांतून आरपार गेलेली एक उभी रेघ. वाचता न येणाऱ्यालाही कळावं असं ते अक्षर आहे. लशानच्या दुकानातली बाई साठीची होती. भाची तिला 'न्यांगन्यांग' म्हणत होती. सिचुआनी बोलीत ही आपली मावशी किंवा काकू. मुठीत मावतील एवढ्या काड्या उचलून ती बोटांनीच मोजत होती आणि तिचा आकडा एकदाही चुकला नाही.

लशानजवळचं न्यूह्वा हे गाव स्वतःला मालाथांगचं माहेर म्हणवतं. तिथे सांगितली जाणारी गोष्ट अशी: नदीच्या प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे मजूर काठावर तीन दगड मांडायचे, मडक्यात नदीचं पाणी, मिरची आणि सिचुआनी मिरी घालायचे आणि हाताला लागेल ती भाजी त्यात उकडून खायचे. ही तोंडी चालत आलेली गोष्ट आहे आणि मी ती तशीच देते. पण तिच्या आजूबाजूचा तपशील पक्का आहे. नावा ओढणारे मजूर खरोखर होते. वेळूचे दोर खांद्यावर घेऊन कड्यांच्या पोटातून ते माल वर खेचत. न्यूह्वा भागात मिठाच्या खोल विहिरी होत्या आणि ते मीठ नदीनेच जायचं. नद्यांचा संगम इतका धोक्याचा की बुडणाऱ्या नावांसाठी पाणी शांत व्हावं म्हणून हायथोंग नावाच्या भिक्षूने इसवी सन 713 मध्ये कड्यात बुद्धमूर्ती कोरायला घेतली. 71 मीटर उंचीची ती मूर्ती 803 मध्ये पुरी झाली. दमट थंडी, ओले कपडे आणि मीठ भरपूर असलेला प्रदेश. तिथे गरम, खारट, तिखट आणि फुकटातल्या पाल्याचं जेवण जन्मावं यात मला काही अशक्य दिसत नाही. शिवाय शेजारच्या चोंगचिंगच्या बंदरातला दाखला आहेच. कसायाकडून स्वस्तात मिळणारी वजडी तिखट रश्श्यात बुडवून खाण्याची गोरगरिबांची पद्धत चेंगदूचे कादंबरीकार ली च्येरेन यांनी 1940च्या दशकात लिहून ठेवली आहे. आज जगभर महागड्या हॉटेलांत मिळणारा 'ह्वोकुओ' तो हाच. ह्वोकुओ खायला चार माणसं आणि तीन तास लागतात. मालाथांग एकट्याने वीस मिनिटांत खाता येतं.

मग काटा आला कुठून? उत्तर सिचुआनपासून दोन-अडीच हजार किलोमीटर दूर, रशियाच्या बाजूच्या हार्बिन शहरात आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस ईशान्य चीनमधल्या सरकारी कारखान्यांतून लाखो कामगार कमी केले गेले आणि पुष्कळांनी हातगाड्या लावल्या. (1982च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागमध्ये वडापावच्या गाड्या कशा वाढल्या, ते आठवावं.) 2003 साली यांग क्वोफू यांनी हार्बिनमध्ये आपल्या नावाचं मालाथांगचं दुकान काढलं, 2008 साली च्यांग ल्यांग हे नाव आलं. त्यांनी काडी टाकून वजन आणलं, आणि रस्सा उत्तरेकडच्या जिभेला सोसेल असा केला: हाडांचा, दुधाळ, वर तिळाचं वाटण. 2022 मध्ये यांग क्वोफूंच्या कंपनीने हाँगकाँगच्या शेअरबाजारासाठी अर्ज केला तेव्हा तिची दुकानं पाच हजारांहून अधिक होती. सेऊलच्या शाळकरी मुली आज खातात ते मालाथांग या हार्बिनच्या घराण्यातलं. 2024च्या वसंतात कान्सू प्रांतातल्या थ्येनश्वेइ या आडबाजूच्या शहराचं मालाथांग अचानक इतकं गाजलं की पाहुण्यांसाठी खास बसगाड्या सोडाव्या लागल्या. त्यात तिथली कान्कू मिरची आणि बटाट्याच्या पिठाच्या जाड पट्ट्या असतात.

दोन्ही घराण्यांतला फरक वाडगा संपताना कळतो. हार्बिनच्या पद्धतीचा रस्सा लोक पितात. सिचुआनमध्ये रस्सा पीत नाहीत, त्यातून पदार्थ फक्त काढून घेतात. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी पिणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, पण सिचुआनी रश्श्यावर बोटभर जाडीची तर्री असते. बैलाची चरबी, त्यात फीश्येन गावचं आंबवलेलं वाटण (पावट्यासारखे दिसणारे मोठे दाणे, मिरची आणि मीठ उन्हापावसात महिनोन्महिने मुरवलेलं), आलं, चक्रीफूल, दालचिनी, आपल्या मसाला वेलचीची चुलत बहीण शोभेल अशी एक धुरकट वेलची, सुक्या मिरच्या आणि ती मिरी. मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सायसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे सगळा जाळ वरच्या तर्रीत असतो आणि गाळणं वर काढताना प्रत्येक वस्तू त्या तर्रीतूनच बाहेर येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की वाडग्यात सगळ्यात तिखट लागतो तो पालक. पानांच्या घड्यांत तेल अडकतं. तळून फुगवलेलं टोफू स्पंजासारखं तेल पितं. कमळकाकडी गुळगुळीत, तिच्यावरून ते ओघळून जातं. पहिल्यांदा जाणाऱ्याने 'पालेभाजी सौम्य' असं समजून वाडगा हिरवा करू नये.

आता तोंडात काय होतं ते. चव म्हणून जिभेच्या कळ्यांना कळतात त्या गोष्टी वेगळ्या: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्याची ती खमंग चव. मा, ला आणि थांग यांतली एकही चव नाही. ला आणि थांग यांचा दरवाजा तर एकच आहे. 1997 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने चेतातंतूंच्या टोकांवरचं एक प्रथिन शोधलं. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' असा निरोप जातो. कॅप्सायसिन नेमकं त्याच प्रथिनाला उघडतं, तेही गार असताना. या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चं नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापूटियान यांच्यासोबत मिळालं. मिरची लागल्यावर आपण 'तोंड भाजलं' म्हणतो ते मेंदूच्या हिशेबाने अक्षरशः खरं आहे. आणि कॅप्सायसिनच्या उपस्थितीत तो दरवाजा कमी तापमानालाही उघडतो, म्हणून तोच रस्सा गार झाल्यावर जितका तिखट लागतो त्यापेक्षा उकळता असताना कितीतरी जहाल लागतो. हार्बिनकरांच्या दुधातलं केसिन कॅप्सायसिनला धरून ठेवतं, त्यामुळे त्यांचा रस्सा मवाळ.

'मा'चा दरवाजा वेगळा. सिचुआनी मिरीच्या सालीत सॅन्शूल नावाचं द्रव्य असतं. चेतातंतू शांत असताना त्यातून पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत असतं आणि त्या झिरपण्यामुळेच तो शांत राहतो. सॅन्शूल ही गळती बंद करतं, असं डायना बाउटिस्टा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं. मोरीचं भोक बुजलं की पाणी तुंबावं तसं होतं आणि तंतू विनाकारण निरोप पाठवू लागतो. म्हणजे आपण ज्याला बधिरपणा म्हणतो तो तंतू झोपल्यामुळे आलेला नाही, उलट ते फार जागे झालेले असतात. 2013 मध्ये लंडनमध्ये नोबुहिरो हागुरा, पॅट्रिक हॅगार्ड आणि मंडळींनी माणसांच्या ओठांना ही मिरी लावली, त्यांच्या बोटाला एक कंप पावणारं यंत्र टेकवलं आणि 'दोन्ही सारखं वाटेल तेव्हा सांगा' म्हटलं. उत्तर साधारण 50 हर्ट्झ आलं, सेकंदाला पन्नास कंप. आपल्या घरातल्या विजेचीही वारंवारता तेवढीच, हा निव्वळ योगायोग. पण मराठीत या अनुभवाला नेमका शब्द आहे आणि तो 'बधिर' नव्हे: झिणझिण्या. पाय दुमडून बसल्यावर पायाला येतात तशा ओठांना. लहानपणी अक्कलकाऱ्याचं फूल ज्यांनी चावलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको. त्यावर साधं पाणी प्यायलं तर मला ते खारट-आंबट लागलं.

या मिरीचं चिनी नाव 'ह्वाच्याओ', फुलमिरी. तिच्या नावात एक इतिहास दडला आहे. 'च्याओ' हे अक्षर मुळात हिचंच होतं. हान काळात राण्यांच्या महालाच्या भिंतींना ही मिरी कालवलेला लेप देत, ऊब आणि सुगंध यांसाठी, आणि तिच्या घोसांसारखी भरपूर संतती व्हावी म्हणूनही. पुढे हिंदुस्थानातून काळी मिरी गेली, तिला 'हूच्याओ' म्हणजे परक्यांची मिरी म्हटलं. मग सोळाव्या शतकात अमेरिकेतली मिरची आली. 1591 मध्ये काओ ल्येन या लेखकाने तिची नोंद 'फान्च्याओ' या नावाने केली. तोही परदेशी मिरी असाच अर्थ. समुद्राकाठी आलेली ही मिरची सिचुआनपर्यंत पोचायला अठरावं शतक उजाडलं, आणि तिथले लोक तिला आजही 'हायच्याओ', समुद्रमिरी म्हणतात. ज्या प्रांताच्या नावाने जग तिखट खातं, त्या प्रांताला मिरची मिळून तीनशे वर्षंही धड झालेली नाहीत.

आपल्याकडे वेगळं काय झालं? संस्कृत 'मरिच' म्हणजे काळी मिरी. पोर्तुगीजांनी आणलेल्या फळाला आपण त्याच शब्दातून 'मिरची' केलं, आणि मुंबईकडे जुन्या काळी तिला 'गोवाई मिरची' असंही नाव होतं. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, नव्या तिखटाला जुन्या तिखटाचं नाव दिलं आणि ते आलं ती वाट त्याला जोडली.

आणि आपल्या किनाऱ्यावर आणखी एक च्याओ आहे. ह्वाच्याओचं झाड झँथॉक्सायलम या प्रजातीगणातलं. हे कूळ लिंबाचं, बेलाचं आणि कढीपत्त्याचं. त्याच गणातलं एक काटेरी खोडाचं झाड सिंधुदुर्गात आणि गोव्यात परसात उभं असतं. ते आपलं तिरफळ. (आयुर्वेदातल्या त्रिफळा चूर्णाशी त्याचा संबंध नाही.) हिमालयात तिसरी बहीण आहे, नेपाळात तिला तिमूर आणि उत्तराखंडात तेजबल म्हणतात आणि तिच्या काडीने दात घासतात. ह्वाच्याओसारखंच तिरफळाचं काळं बी टाकून द्यायचं असतं, जादू सालीत असते. बांगड्याच्या तिखल्यात ते ठेचून शेवटी घालतात, कारण फार उकळलं तर वास उडतो. चेंगदूचा आचारीही ह्वाच्याओचा शेवटचा हात गॅस बंद करतानाच टाकतो.

यामुळे मला आपल्या 'शेजवान'चं थोडं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. सिचुआनच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगवरून आलेलं हे नाव आज वडापावपासून डोशापर्यंत सगळ्यांवर बसलं आहे. लसूण, लाल मिरची, तेल, व्हिनेगर. चटणी चांगली आहे, ती आपलीच आहे आणि आमच्या दुकानात बरणीवर बरणी खपते. पण तिच्यात सिचुआनला सिचुआन करणारं 'मा' नाही. ते गोव्यातून कुडाळपर्यंत परसात वाळत पडलेलं असतं, आणि बांगड्यापलीकडे आणि एखाद्या आमटी-उसळीपलीकडे त्याला कोणी विचारत नाही. आता शहरातल्या सुनांना ते ओळखूही येत नाही; गिऱ्हाईक पुडी उलटून पाहतं आणि 'हे काय, फुटलेली मिरी?' म्हणतं. अमेरिकेने तर 1968 ते 2005 ह्वाच्याओच्या आयातीवर बंदी घातली होती, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरेल या भीतीने. तरीही तिथल्या सिचुआनी आचाऱ्यांनी तिचा नाद सोडला नाही.

भाची सुट्टीत घरी आली तेव्हा आम्ही तिरफळावर मालाथांग करून पाहिलं. रंगाला बेडगी, जाळाला लवंगी, चरबीऐवजी शेंगदाण्याचं तेल. वाटणासाठी लशानहून आणलेली फीश्येनची पुडी. बटाटा, कमळकाकडी, माठ, मोड आलेले मूग, कोळंबी. एका पातेल्यात ह्वाच्याओ, दुसऱ्यात तिरफळ, दोन्ही समान वजनाने आणि शेवटच्या मिनिटाला. ह्वाच्याओने अर्ध्या मिनिटात ओठ गुणगुणायला लागले आणि पंधरा मिनिटं थांबले नाहीत. तिरफळ उशिरा आलं, जिभेच्या टोकापेक्षा घशाकडे जास्त, आणि पाच-सहा मिनिटांत ओसरलं. वास मात्र त्याचा सरस: संत्र्याची साल आणि राळ एकत्र जळावी तसा. दुप्पट घालून पाहिलं तर रस्सा कडवट झाला. तेलात न उकळता, कोमट तेलात रात्रभर भिजवून ठेवलं तेव्हा झिणझिण्या वाढल्या आणि कडवटपणा आला नाही. प्रमाण पाव वाटी तेलाला वीस-बावीस साली.

आईने दोन्ही वाडगे चाखले. ती पंच्याऐंशीची आहे. "बांगडे नाय, मगे तिरफळा कित्याक घातलास?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तेलात तिने बांगडे केले.